जांभ्याच्या घरांच्या दर्जा पुन्हा भरताना : किनाऱ्यावरच्या भिंतींसाठी चुना की सिमेंट?

कातळमाळ

किनाऱ्यालगतच्या गावांतून जांभ्याच्या जुन्या घरांच्या पश्चिमेकडच्या भिंती पाहत गेले, तर दोन प्रकारची पडझड दिसते. पहिल्या प्रकारात चिऱ्यांमधल्या (जांभ्याच्या घडीव ठोकळ्यांमधल्या) दर्जांतला, म्हणजे सांध्यांतला, चुना झिजून आत गेलेला असतो आणि बोटाने उकरले तर भुसभुशीत वाळू हाताला लागते, पण चिरा मात्र धडधाकट असतो. दुसऱ्या प्रकारात याच्या बरोबर उलट असते. मधल्या काळात कुणीतरी सिमेंटने भरलेली दर्ज कडक, करडी आणि भिंतीच्या पातळीच्या पुढे उभी असते, आणि तिच्या मधला चिरा वाटीसारखा खोल खाल्लेला असतो. पहिली भिंत दुरुस्त करता येते. दुसरीत चिराच गेलेला असल्यामुळे तो काढून नवा बसवण्यावाचून मार्ग उरत नाही. असे असूनही आगोटीच्या तोंडावर सिमेंटचे घमेले कालवून दर्जा बुजवण्याचे काम गावोगाव चालू आहे. ते थांबावे, निदान करण्यापूर्वी लोकांनी विचार करावा, या तळमळीने हा धागा काढत आहे.

आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या मुखाशी आहे. मातीत रचलेल्या भिंती, बाहेरून चुन्याने भरलेल्या दर्जा आणि वर मंगलोरी कौले अशी आपल्याकडची नेहमीची रचना आहे. या भिंतींची दुरुस्ती गवंड्यांबरोबर उभे राहून करून घेताना आणि नंतर नातलगांच्या घरांची कामे पाहताना जे उमगले, ते इथे मांडतो.

जांभा हा लोह आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी भरलेला सच्छिद्र दगड आहे. खाणीतून निघताना तो हत्याराने सहज तासता येतो आणि हवेत राहिल्यावर कडक होतो, पण त्याची छिद्रे उघडीच राहतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आणि तो पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येणाऱ्या प्रदेशात अशा भिंतीत पाणी शिरूच नये, हा आग्रह टिकणारा नाही. जुन्या गवंड्यांनी तो धरला नव्हता. शिरलेले पाणी लवकर बाहेर पडावे, एवढी सोय त्यांनी केली होती. चुन्याची दर्ज चिऱ्यापेक्षा मऊ असते आणि वाफ अधिक सहज सोडते, त्यामुळे भिंतीतली ओल तिच्या वाटे बाहेर येऊन वाळते, आणि ओलीबरोबर आलेले मीठही दर्जेतच साचून तिलाच झिजवते. दर्ज झिजली म्हणजे काम बिघडले असे नाही, तिने आपले काम केलेले असते. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल आणि मीठ दोन्ही चिऱ्याच्या तोंडाशी येतात आणि झिजण्याची पाळी चिऱ्यावर येते.

मिठाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण बहुतेक जण भिंत पावसाने खराब होते असे समजतात. साधे मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतली ओल शोषून विरघळते, आणि आर्द्रता त्याखाली आली की पुन्हा स्फटिक होते. पावसाळाभर आपल्याकडची हवा या रेषेच्या वर असते, म्हणून मीठ विरघळलेल्याच अवस्थेत राहते. पाऊस सरल्यावर मात्र दुपारी हवा कोरडी होते, रात्री पुन्हा दमट होते आणि भिंतीच्या पृष्ठभागाखाली तेच मीठ पुनःपुन्हा स्फटिक होत आणि विरघळत राहते. वाढणारा स्फटिक छिद्रांच्या कडांवर दाब देतो आणि दगडाचे कण सुटतात. भिंतीच्या पायथ्याशी तांबडी पूड साचलेली दिसते ती म्हणूनच भर पावसात फारशी दिसत नाही, थंडीच्या आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दिसते. लोणा (मिठाची पांढरी पूड) लागलेली भिंत पाण्याने धुऊन काढण्याची सवयही याच कारणाने घातक आहे, कारण धुतलेले मीठ पुन्हा आत जाते. लोणा कोरड्या कुंच्याने झाडून, गोळा करून दूर टाकावा.

ज्यांनी आपल्या घरांची अशी कामे केली आहेत, त्यांनी अनुभव अवश्य लिहावेत.


ओटीपडवी

धाग्याबद्दल आभार. आमच्या सासरच्या घराची, मालवणजवळची, मागची भिंत या वर्षी हातात घ्यायची आहे. दोन गोष्टी कृपया स्पष्ट कराव्यात. आहे तो माल चुन्याचा आहे की सिमेंटचा, हे घरच्या माणसाने कसे ओळखावे? आणि सगळी भिंत उकरायची की जिथे गेली आहे तेवढीच?


कातळमाळ

ओटीपडवी, दर्जेतला एक खडा काढून नखाने किंवा किल्लीने खरवडून पाहा. चुन्याचा माल खरवडला जातो, रंगाने पांढरट किंवा सुरखी (विटांची पूड) असल्यास गुलाबीसर असतो आणि त्यात चुन्याचे न मिसळलेले पांढरे दाणे बहुधा दिसतात. सिमेंटचा माल करडा असतो आणि किल्लीला दाद देत नाही. जुन्या मालाचा तुकडा व्हिनेगरमध्ये ठेवला तर फेस येऊन चुना विरघळतो आणि तळाशी मूळची वाळू उरते. ती वाळू जपून ठेवा, कारण नव्या मालासाठी कोणत्या रंगाची आणि किती भरड वाळू शोधायची याचा तो सर्वांत खात्रीचा नमुना असतो. दर्जेच्या आत तांबडी माती लागली तर भिंत मातीत रचलेली आहे आणि चुना फक्त तोंडाशी आहे असे समजावे. तशा भिंतीवर पाण्याचा जोराचा फवारा कधीही मारू नये, कारण आतली माती वाहून जाते आणि चिरे सुटे होतात.

सगळी भिंत उकरण्याची गरज बहुधा नसते. जिथला माल घट्ट आहे तो तसाच राहू द्यावा. नवे-जुने रंग वेगळे दिसतील म्हणून चांगला माल काढून टाकण्याचा आग्रह मिस्त्री धरतात, त्याला बळी पडू नका.

मात्र करणी हातात घेण्यापूर्वी एक पूर्ण पाऊस भिंतीकडे पाहत काढता आला तर फार बरे होते. पन्हळ कुठे गळते, पागोळ्या जोत्यावर आपटून किती उंचीपर्यंत शिंतोडे उडतात, खिडकीच्या छज्ज्यावरचे पाणी भिंतीवरून ओघळते का, हे पावसातच दिसते. अनेक घरांत अलीकडे भिंतीला लागून सिमेंटचा कोबा किंवा फरशा घातल्या आहेत. जमिनीतली ओल पूर्वी अंगणातून उडून जात असे, ती आता कोब्याखालून सरकून जोत्यातून भिंतीत चढते. अशा घरात कंबरेपर्यंतच्या दर्जा पुनःपुन्हा जातात आणि मालाला दोष दिला जातो. भिंतीलगतचा हात-दीड हाताचा पट्टा उकरून तिथे खडी भरली आणि पाणी बाहेर जाईल असा उतार दिला, तर दर्जांचे निम्मे काम तिथेच होते, असे माझे मत आहे.

भिंतीत जिन्यासारख्या पायऱ्यापायऱ्यांनी गेलेली तडा असेल, किंवा भिंत ओळंब्यात नसेल, तर तो दर्जांचा प्रश्न नाही. पाया कुठेतरी खचत आहे, आणि त्यासाठी स्थापत्य अभियंत्यालाच दाखवावे.


बांधकामविभाग

मी स्थापत्य अभियंता आहे आणि सिंधुदुर्गात घरांची कामे करतो. कातळमाळ यांच्या लिखाणातला मिठाचा आणि ओलीचा भाग मला पूर्णपणे मान्य आहे, पण सिमेंटवर सरसकट फुली मारणे मला योग्य वाटत नाही. गेल्या काही दशकांतली बहुतेक चिऱ्याची घरे यंत्राने कापलेल्या चिऱ्यांची आहेत. त्यांच्या दर्जा सेंटीमीटरभर रुंदीच्या असतात आणि मूळचे बांधकामच एकास सहा सिमेंट-वाळूत झालेले असते. त्या भिंतीच्या तोंडाशी मऊ चुना भरून आतल्या सिमेंटचा स्वभाव बदलत नाही. शिवाय चुना भिजवणारा, त्याची वाट पाहणारा आणि तो नीट दाबून भरणारा गवंडी आज कुठे मिळतो? घरमालकाला मे महिन्यात जाग येते आणि पंधरा दिवसांत काम संपवायचे असते. अशा वेळी चुकीच्या पद्धतीने भरलेला चुना पहिल्याच पावसात धुऊन जातो आणि लोक कायमचे सिमेंटकडे वळतात, हे मी पाहिले आहे.

माझ्या कामांवर मी मधला मार्ग वापरतो. एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग वाळू असा मिश्र माल नव्या घरांच्या दुरुस्तीसाठी चांगला चालतो. तो लवकर पकडतो, साध्या सिमेंटच्या मालापेक्षा मऊ असतो, आकसून भेगा पडण्याचे प्रमाण कमी असते आणि गवंड्यांना तो करणीवर हाताळायला सोपा वाटतो. मिश्र माल ही काही नवी कल्पना नाही. भारतीय मानक २२५० मध्येही सिमेंट-चुना-वाळूच्या मिश्रणांना रीतसर स्थान आहे.

वाळूबद्दल मात्र कोणतीही तडजोड करू नये. खाडीची रेती स्वस्तात दारात येते आणि तिच्याबरोबर मीठही येते. भिंतीत बाहेरून येणारे मीठ आपण थांबवू शकत नाही, पण स्वतःच्या हाताने पाट्या भरभरून ते आत घालणे टाळता येते. लिंटेलच्या (दारा-खिडकीवरच्या तुळईच्या) सळ्यांच्या जवळ तर ही रेती मुळीच जाऊ देऊ नये, कारण क्लोराइडमुळे सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. मग लोक त्या भेगेला दर्ज समजून वरून माल भरत राहतात.


कातळमाळ

बांधकामविभाग, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे माझे म्हणणे अधिक नेमके करतो. सिमेंटमध्ये रचलेल्या यंत्रकापी चिऱ्याच्या घराला तुम्ही सांगितलेला एक-दोन-नऊ माल योग्य आहे. माझा विरोध आहे तो मातीत किंवा चुन्यात रचलेल्या जुन्या भिंतीच्या तोंडाशी सिमेंटचा कडक पट्टा बसवण्याला. तिथे मागची भिंत हलती, ओलसर आणि मऊ असते, तर पुढचा पट्टा ताठ आणि बंद असतो. दोघांचे जमत नाही, पट्टा कडेने केसाएवढा सुटतो आणि त्या फटीतून आत गेलेले पाणी बाहेर येण्याची वाट मात्र बंद असते. जुन्या भिंतीत मिश्र मालही मी वापरणार नाही.

गवंडी मिळत नाहीत हे खरे आहे, पण काम अवघड आहे म्हणून ते मिळत नाहीत असे मला वाटत नाही. मागणीच थांबली म्हणून सवय गेली. आमच्याकडे ज्या गवंड्याने काम केले, त्याने त्यापूर्वी आयुष्यभर सिमेंटच वापरले होते. एका कोपऱ्यात नमुन्याची दर्ज भरून, ती वाळू देऊन, तिच्यात काय बिघडले हे दोघांनी मिळून पाहिल्यावर त्याचा हात बसला. नमुना भरून पाहण्याची ही पायरी कुणीही गाळू नये.


शिंपले

धागा वाचते आहे आणि फार उपयोगी वाटतो आहे. प्रत्यक्ष उकरणे आणि भरणे याविषयी कुणीतरी सविस्तर लिहावे. आमच्या मिस्त्रींनी ग्राइंडर आणला आहे आणि एका दिवसात सगळे उकरून देतो असे ते सांगत आहेत.


कातळमाळ

शिंपले, मिस्त्रींना ग्राइंडर बाजूला ठेवायला सांगा. चुन्याची किंवा मातीची दर्ज उकरायला तो लागतच नाही. दर्जेपेक्षा अरुंद पात्याची छिन्नी आणि हलका हातोडा पुरतो, आणि बराचसा माल लोखंडी आकड्यानेच निघतो. ग्राइंडरची चकती सरळ रेषेत धावते, पण जुन्या हाताने घडवलेल्या चिऱ्यांच्या कडा सरळ नसतात. उभ्या दर्जेत तर चकती हमखास वरच्या आणि खालच्या चिऱ्यात घुसते आणि तो ओरखडा कायमचा राहतो. पूर्वी सिमेंटने भरलेली आडवी दर्ज काढायची असेल, तर तिच्या बरोबर मध्यावर ग्राइंडरने एक चीर पाडून, पुढे दोन्ही बाजूंचे सिमेंट छिन्नीने त्या चिरेकडे आत ढासळवत न्यावे. सिमेंट चिऱ्याला इतके चिकटले असेल की त्याच्याबरोबर चिऱ्याची कड निघते, तर थांबावे. ते आपोआप सुटेपर्यंत वाट पाहण्यात कमी नुकसान आहे. धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मास्क आणि चष्मा हवाच.

खोली किती, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि इथेच बहुतेक कामे फसतात. दर्ज जेवढी रुंद, त्याच्या किमान दुप्पट खोल उकरावी. म्हणजे पंधरा मिलिमीटरच्या दर्जेला तीस मिलिमीटर. वरवर सात-आठ मिलिमीटर खरवडून त्यावर लिंपलेला माल कितीही उत्तम असला तरी पापुद्र्यासारखा सुटतो. उकरलेल्या खोबणीची मागची बाजू चौकोनी असावी, निमुळती नको. मातीच्या भिंतीत मात्र फार खोल जाऊ नये आणि एका वेळी हातभराचाच पट्टा उघडावा. वरचा चिरा सैल वाटला तर जांभ्याच्या कपच्या पाचरीप्रमाणे ठोकून मग भरायला घ्यावे. अशा कपच्यांचा आणखी एक फायदा असा की रुंद दर्जेत माल कमी लागतो आणि त्यामुळे तो कमी आकसतो.

उकरलेली दर्ज कुंच्याने झाडून घ्यावी आणि भरण्याच्या आदल्या संध्याकाळी व पुन्हा सकाळी पाण्याने शिंपडावी. चिरा कोरडा राहिला तर तो मालातले पाणी क्षणात ओढून घेतो आणि माल जळतो. पृष्ठभाग ओलसर दिसावा, पण त्यावर पाणी चमकू नये.

मालाचे प्रमाण आमच्याकडे एक भाग भिजवून मुरवलेला चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू असे ठेवले. सुरखी घालण्याचे कारण किनाऱ्याच्या हवेत आहे. निव्वळ चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि भिंत पाण्याने भरलेली असेल तर तो वायू आत पोहोचतच नाही. सुरखीतला सिलिका चुन्याशी ओलीतही जुळतो, म्हणून दमट भिंतीत तिची मदत होते. फार भाजलेल्या काळसर विटांची सुरखी घेऊ नये, मध्यम भाजलेल्या तांबड्या विटांची घ्यावी. वाळू धुतलेली, टोकदार कणांची आणि लहानमोठे सर्व कण असलेली हवी, पण तिचा सर्वांत मोठा दाणा दर्जेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा नको. ओली वाळू फुगलेली असते, तेव्हा माप घेताना तिचे घमेले खरे भरत नाही आणि चुना नकळत जास्त पडतो, हेही लक्षात ठेवावे.

पाणी जितके कमी, तितके बरे. मुठीत दाबलेला गोळा फुटू नये आणि तळहाताला चिखलासारखा चिकटूही नये, इतका घट्ट माल करावा. तो मळायला कष्ट पडतात, आणि मजूर पाणी ओतायला बघतात. तिथे उभे राहावे लागते. भरताना करणीच्या पाठीवर माल घेऊन, अरुंद पट्टीने तो खोबणीच्या तळापासून दाबत यायचे. एका वेळी बोटाच्या जाडीपेक्षा जास्त थर घालायचा नाही. पहिला थर अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतका आवळला की दुसरा घालायचा. शेवटचा थर चिऱ्याच्या तोंडापेक्षा किंचित आत थांबवायचा, कारण चिऱ्याच्या झिजलेल्या गोल कडेवर आलेला मालाचा पातळ पदर पहिल्या वर्षीच सुटतो आणि मागे पाण्याला थांबायला जागा करतो. माल थोडा आवळल्यावर ताठ केसांच्या कुंच्याने थोपटून त्याचे तोंड खरखरीत करावे. करणीने घोटून गुळगुळीत केलेली दर्ज दिसायला सुबक असते, पण घोटल्याने चुना वर येऊन साय धरतो आणि वाफेची वाट अरुंद होते.

चुन्याने हातांची कातडी जळते, म्हणून रबरी हातमोजे घालावेत. डोळ्यात उडाला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहून डॉक्टरांकडे जावे. कळीचा (न विझवलेला) चुना घरी भिजवणार असाल तर मुले जवळ नसावीत, कारण पाणी पडताच तो उकळतो आणि उसळतो.


मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो आहे. या चर्चेत एक मुद्दा राहून जातो आहे, तो म्हणजे उघड्या जांभ्याची आवड. जुन्या गोव्यातले बॉम जीझसचे चर्च सर्वांनी पाहिलेले असते. १५९४ मध्ये काम सुरू झालेली आणि १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत आज तांबड्या उघड्या चिऱ्यांसाठी ओळखली जाते, पण ती मुळात तशी नव्हती. तिच्या बाहेरच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता आणि तो १९५० च्या दशकात उतरवण्यात आला. त्यानंतरच्या पावसाळ्यांनी चिरे आणि दर्जा दोन्ही झिजवल्या, आणि गिलावा पुन्हा करावा की नाही यावर अजून वाद चालू आहे. जागतिक वारशाच्या यादीतल्या इमारतीचा निर्णय तज्ज्ञ घेतील, पण आपल्या घरांपुरता बोध स्पष्ट आहे. पश्चिमेच्या झडीत उभी असलेली भिंत उघडी ठेवायची असेल, तर तिच्या दर्जांची देखभालही तितक्याच नेमाने करावी लागेल. अन्यथा चुन्याचा पातळ गिलावा आणि वर चुन्याची सफेदी हाच तिचा खरा अंगरखा आहे.

आमच्याकडे पूर्वी शिंपल्यांचा चुना वापरत. तो मिळत असेल तर अवश्य घ्यावा. फक्त शिंपले भाजण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुतले होते का, हे विचारून घ्यावे.

आणि एक प्रश्न आहे. चिऱ्याचा रंग खुलवणारे आणि पाणी झटकणारे सिलिकॉनचे फवारे किंवा चकचकीत लॅकर दर्जा भरल्यावर मारावे का? दुकानदार फार आग्रह करतात.


बांधकामविभाग

मांडवीकाठ, लॅकर मुळीच मारू नये. त्याची फिल्म बनते, ओल आतच राहते आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर पांढरे फोड येऊन चिऱ्याच्या कातडीसह ते निघू लागते. सिलेन-सिलोक्सेन प्रकारची द्रव्ये फिल्म बनवत नाहीत आणि वाफ जाऊ देतात, त्यामुळे नव्या, मीठ नसलेल्या आणि पूर्ण कोरड्या भिंतीवर त्यांचा उपयोग होतो. पण जुन्या, मीठ मुरलेल्या भिंतीत तीही अडचणीची ठरतात. द्रवरूप पाणी पृष्ठभागापर्यंत येऊ शकत नाही, त्याची वाफ काही मिलिमीटर आतच होते आणि मीठही तिथेच, द्रव्य मारलेल्या थराच्या मागे, साचते. मग तो थर पापुद्र्यासारखा सुटतो. जमिनीतून ओल चढणाऱ्या भिंतीवर तर हा खर्च निव्वळ वाया जातो.


टेकडीपल्याड

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. आमचे घर विटांचे, व्हिक्टोरियन काळातले आहे, आणि इथली गोष्ट तुमच्याशी इतकी जुळते की लिहिल्यावाचून राहवले नाही. इथेही मूळचा माल चुन्याचा होता, इथेही विसाव्या शतकात सिमेंटने दर्जा भरल्या गेल्या आणि मऊ विटांची तोंडे उडाली. इथे भर म्हणून हिवाळ्यात अडकलेले पाणी गोठते. आता पोत्यांमधून नैसर्गिक जलीय चुना (ओलीतही घट्ट होणारा) मिळतो आणि त्यावर २, ३.५ आणि ५ असे आकडे असतात. जितका आकडा मोठा तितका तो कडक. समुद्राजवळ आहे म्हणून ५ घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. पण कडकपणा हवेवरून ठरवायचा की विटेवरून, याचा विचार करायला हवा. मऊ विटेला ५ चा माल मी वापरला नाही, आमच्या गवंड्याने ३.५ वापरला आणि तो ठीक आहे.

आपल्याकडे चुना घेताना अशी वर्गवारी विचारण्याची पद्धत आहे का?


बांधकामविभाग

वर्गवारी आहे. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग दिलेले आहेत. त्यात अ वर्ग सर्वांत जास्त जलीय, ब वर्ग मध्यम जलीय आणि क वर्ग म्हणजे पांढरा, शुद्ध चुना. दर्जांसाठी ब वर्ग, किंवा सुरखी मिसळून क वर्ग, असे सांगता येईल. प्रत्यक्षात गावातल्या दुकानात पोत्यावर यापैकी काहीही लिहिलेले नसते, म्हणून चुना तपासूनच घ्यावा लागतो.


ओटीपडवी

तपासायचा कसा, हेच विचारणार होते. आमच्या इथे बाजारात मिळते ती सफेदीसाठीची चुन्याची पूड. ती चालेल का? आणि काम नेमके कोणत्या महिन्यात घ्यावे?


कातळमाळ

ओटीपडवी, पोते उघडून चमचाभर पूड व्हिनेगरमध्ये टाका. ताजा विझवलेला चुना फारसा फेस न येता विरघळतो. पूड जोरात फेसाळली तर ती हवेने आधीच मेलेली आहे, म्हणजे तिचा पुन्हा चुनखडक झाला आहे, आणि ती मालात नुसती भरण म्हणून राहील, बांधणार नाही. दमट गोदामात पडून राहिलेल्या पोत्यांचे असे बहुधा झालेले असते. ताजी पूड मिळाली तर निदान आठवडाभर पाण्यात बुडवून मुरू द्यावी. कळीचा चुना मिळत असेल तर तो उत्तम. भिजवून, गाळून, वर पाण्याचा थर ठेवून पिंपात झाकून ठेवला तर तो महिनोन्‌महिने चांगला राहतो आणि मुरल्यावर अधिक लोण्यासारखा होतो, म्हणून यंदाच्या कामाचा चुना पावसाळ्यातच भिजवायला घालावा. गूळ, बेलफळ किंवा हिरडा घालण्याची जुनी रीत पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. त्यांचे प्रमाण जाणणारा माणूस जवळ नसेल तर ते घालू नये, कारण गूळ जास्त झाला तर माल आवळतच नाही.

कामासाठी दिवाळीनंतर भिंत थोडी सुकू द्यावी आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. मार्चनंतरचे ऊन आणि दुपारचे खारे वारे माल फार लवकर ओढतात. भरलेल्या भिंतीवर ओले गोणपाट टांगून सावली करावी, आणि पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ हलका फवारा मारावा, नळी लावून पाणी मारू नये. एप्रिल-मेमध्ये नाइलाजाने काम घ्यावेच लागले तर फक्त उत्तरेची आणि पूर्वेची भिंत घ्यावी. पश्चिमेची भिंत त्या वर्षी माडाच्या झापांनी किंवा ताडपत्रीने, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून आणि खालून वारा खेळता ठेवून, झाकावी. नोव्हेंबरमध्ये भरलेल्या दर्जांनाही पहिल्या पावसाळ्यात अशी झापे लावलेली बरी, कारण चुना आतपर्यंत घट्ट व्हायला काही महिने जातात.


ओटीपडवी

सर्वांचे मनापासून आभार. मिस्त्रींशी बोलले आहे. मागच्या भिंतीचा कोबा आधी काढायचा ठरले आहे, आणि स्वयंपाकघरामागच्या कोपऱ्यात दोन हात लांबीची नमुन्याची दर्ज भरणार आहोत. ती वाळली की रंग आणि भेगा यांविषयी इथेच लिहीन.